जुन्या फर्निचरच्या दुकानातला एक तास : शनिवार पेठेतला परिसर-पाठ

जून उजाडला की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मुलीला अभ्यासाला टेबल घ्यायचंय. नवं घेऊ की जुनं बघू?" घर दीड-दोन खोल्यांचं असतं, खर्चाची मर्यादा चार-पाच हजारांची असते आणि मोबाइलवर रोज चकचकीत टेबलांच्या जाहिराती येत असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : जुनं बघा, पण मुलीला बरोबर न्या, आणि किंमत विचारायच्या आधी दोघं मिळून ते टेबल नीट बघा. जुन्या वस्तूंच्या दुकानात ज्याला बघता येतं त्याचाच पैसा सत्कारणी लागतो. ज्याला बघता येत नाही तो एकतर फसतो, नाहीतर फसू या भीतीने दुकानदाराशी उगाच हुज्जत घालतो. मुलं दोन्ही गोष्टी आपल्याकडे बघूनच उचलतात.

म्हणून हा विषय मी सहावीच्या वर्गाला पाठ म्हणून घेते. नफा-तोटा आणि शेकडेवारी गणितात असतेच. लाकूड, कीड, घनता हे विज्ञानाचं. जुन्या वस्तूंची नावं मराठीच्या तासाला उपयोगी पडतात. हे सगळं एका दहा बाय वीसच्या दुकानात भेटतं आणि प्रवेश फी नसते.

शनिवार पेठ या पाठाला फार सोयीची आहे. १७३० मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू झालं तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलांतून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून. १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं. आज मुलांना दिसतो तो तट, दरवाजे आणि जोती. त्यामुळे त्यांची पक्की समजूत असते की पेशवे दगडाच्या घरात राहायचे. मी त्यांना सांगते, वाडा लाकडाचा असतो, दगड म्हणजे त्याचे पाय आणि त्याचं कुंपण. हे पटवायचं असेल तर विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग दाखवून आणावा, चालत जाण्याइतका जवळ आहे.

पेठेतल्या फर्निचरच्या इतिहासात आणखी एक तारीख आहे, १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि कित्येक घरांतलं सामान वाहून गेलं. पाठाच्या आदल्या आठवड्यात मी मुलांना गृहपाठ देते : घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पुरात काय गेलं आणि काय उरलं? एका मुलीने लिहून आणलं होतं की पणजीचं लाकडी कपाट तरंगत जाऊन जिन्यात अडकलं म्हणून राहिलं, लोखंडी ट्रंक मात्र जागच्या जागी चिखलाने भरली. घनतेचा धडा सुरू करायला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नसतं.

आता पाण्याऐवजी बिल्डर येतो. वाडा पाडला की तुळया, खांब, दारं एकीकडे जातात आणि घरातलं सामान दुसरीकडे. नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये आजोबांचं कपाट मावत नाही, एवढं साधं कारण असतं. ते कपाट मग पेठेतल्याच एखाद्या छोट्या दुकानात येऊन उभं राहतं. बुधवार-रविवारचा मंगळवार पेठेतला जुना बाजारही आहे, मजा तिथे जास्त येते. पण शिकायला सुरुवात करताना छोटं दुकान बरं. दुकानदार रोज त्याच जागी बसलेला असतो, त्यामुळे पुन्हा जाऊन विचारता येतं.

वर्गातली तयारी : आधी शब्द

एक तास शब्दांना द्यावाच. फळ्यावर मी लिहिते : फडताळ, चौरंग, पाट, बाज, नवारीचा पलंग, झोपाळा, आरामखुर्ची, दिवाण, मांडणी, खुंटी. यातलं काय काय घरी आहे? पाट आणि चौरंग बहुतेकांकडे निघतात, सत्यनारायणापुरते का होईना. फडताळ हा शब्द कुणालाच माहीत नसतो. भिंतीतलं कपाट, असं सांगितलं की "म्हणजे वॉर्डरोब!" असा आवाज येतो. चालेल.

मग शब्द कुठून आले ते बघायचं. खुर्ची अरबीतून आली, टेबल इंग्रजीतून. कपाट संस्कृत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ दार. यावरून मुलं स्वतःच एका निष्कर्षाला येतात : आपल्याकडे लोक जमिनीवर बसायचे. गादी, लोड, तक्क्या, पाट. घरोघरी टेबल-खुर्ची आली ती इंग्रजी अमलात, कचेऱ्या आणि शाळांच्या मागोमाग. एवढं कळलं की दुकानात कुणी "पेशवेकालीन लिहायचं टेबल" दाखवलं तर सहावीतली पोरंही हसतील. आपल्या शहरात आजवर जेवढं पेशवेकालीन सामान विकलं गेलंय तेवढं खरं असतं, तर पेशव्यांना मोहिमांवर निघायला वाड्यात वाटच उरली नसती.

इथेच 'अँटिक' या शब्दाचाही निकाल लावून टाकते. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू म्हणायला वस्तू साधारणपणे किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीचं टेबल जुनं आहे, चांगलं आहे, पण अँटिक नाही. 'व्हिंटेज' हा दुकानाचा शब्द, त्याला असं काटेकोर माप नाही.

दुकानात : अर्धा तास किंमत विचारायची नाही

मुलं बारापेक्षा जास्त नेऊ नयेत, आणि दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवावं. आपण काही विकत घेणार नसू तर तेही स्पष्ट सांगावं. त्याच्या धंद्याची वेळ आपण मागतोय याचं भान असू द्यावं. सकाळी अकराची वेळ बरी. दुपारी एक ते चार या पेठेत कुणाला काही विचारायला जाऊ नये, हे पुणेकर पालकांना सांगायला नको.

आम्ही गेलो ते दुकान नदीकडच्या एका बोळात आहे. दारातच दोन आरामखुर्च्या, आत कपाटं एकावर एक, आणि मधोमध खण असलेलं एक टेबल. दुकानदारकाका म्हणाले, "बाई, टेबल उलटं करून दाखवलं की गिऱ्हाईक निम्मं शिकतं. पण उलटं करा म्हणून सांगतंय कोण?" मग त्यांनीच ते चार मुलांच्या मदतीने आडवं केलं.

वस्तूची खरी बाजू खालची आणि पाठची. तिथे पॉलिश पोचलेलं नसतं. तक्त्याच्या खालच्या अंगावर करवतीच्या खुणा दिसतात. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ पण जराशा वेड्यावाकड्या असतात, मशीनच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या. फळीच्या कडेला बोट फिरवलं तर अखंड लाकूड, प्लायवूडचे थर आणि भुसा दाबून केलेला बोर्ड यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. अखंड लाकडाच्या नसा वरून कडेवर उतरतात. बोर्डाला वर नक्षी असते आणि कडेला चिकटवलेली पट्टी.

खण बाहेर काढला तेव्हा आमच्या वर्गातला एक एरवी गप्प असणारा मुलगा पुढे आला. त्याचे वडील सुतारकाम करतात. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या दातांनी एकमेकींत अडकवल्या होत्या. "याला खिळा लागत नाही बाई. ओढलं तर आणखी घट्ट बसतं," तो म्हणाला. दात सगळे सारखे नव्हते, एक बारीक, एक रुंद. "हातानं केलंय. मशीनचे सगळे एका मापाचे असतात." मग रंधा कशाला, पटाशी कशाला, गुण्या कशाला हे त्यानेच सांगितलं. काका मान डोलावत होते. मी पाच मिनिटं काहीच बोलले नाही, आणि पाठातली सर्वांत चांगली पाच मिनिटं तीच होती.

मग स्क्रू. एका कपाटाच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. हे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाले, आपल्याकडे आणखी पुढे. तेव्हा "शंभर वर्षांचं" कपाट आणि फुलीचे स्क्रू, हे गणित जुळत नाही. मात्र मुलं लगेच "खोटं, खोटं" म्हणून ओरडायला लागली तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. कपाट जुनं आणि बिजागरी नंतर बदललेली, असंही असू शकतं. एका पुराव्यावर निकाल द्यायचा नाही. बिजागरीखाली जुन्या बिजागरीची खाच, बुजवलेली भोकं दिसतात का बघा. दिसली. म्हणजे दुरुस्ती.

झिजेचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. आरामखुर्चीचा हात जिथे तळवा पडतो तिथेच गुळगुळीत होणार. टेबलाखालची आडवी पट्टी जिथे पाय टेकतात तिथे झिजणार. सगळीकडे सारखंच 'जुनं' दिसत असेल, कोपऱ्यापासून मागच्या फळीपर्यंत, तर ते जुनेपण बहुधा डब्यातून आलंय. मुलांना मी सांगते, माणूस बसलाय कुठे ते शोधा.

पितळी कड्या-मुठींसाठी खिशात एक चुंबक ठेवावा. पितळेला तो चिकटत नाही. वरून पितळेचा मुलामा आणि आत लोखंड असेल तर टक्कन चिकटतो. हा प्रयोग मुलं दुकानभर करत सुटतात, त्यामुळे चुंबक एकच न्यावा आणि तो आपल्या ताब्यात ठेवावा.

'जड म्हणजे सागवान' हा गैरसमज मोठ्यांचाही आहे. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. शिसव त्याहून बरंच जड. आणि गंमत म्हणजे दाबून केलेला तो चकचकीत एमडीएफ बोर्डही बहुतेक वेळा सागापेक्षा जडच असतो. सुताराकडून वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे आणून वर्गात लांबी-रुंदी-जाडी मोजावी, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करावं आणि घनता काढावी. साग ओळखायचा तो नसांवरून, तेलकट हातावरून आणि घासल्यावर येणाऱ्या चामड्यासारख्या वासावरून. त्याला सराव लागतो. एका भेटीत येत नाही, आणि येतं असं मुलांना सांगूही नये.

इराणी हॉटेलातली ती गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची खुर्चीही तिथे होती. आपल्याकडे डेक्कनच्या १९३५ सालच्या गुडलकसारख्या इराणी हॉटेलांमुळे हा आकार सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचं मूळ युरोपात आहे. मायकेल थोनेट याने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची रीत बसवली आणि १८५९ मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली : लाकडाचे सहाच भाग, बाकी स्क्रू. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. मुलांना घनमीटर म्हणजे केवढा हे खडूने आणि चार फूटपट्ट्यांनी कोपऱ्यात आखून दाखवलं तेव्हा त्या आकड्याचा अर्थ लागला. लाकूड मात्र बीच नावाच्या युरोपी झाडाचं. तेव्हा "परदेशी बनावटीची असली सागवानी इराणी खुर्ची" असं कुणी म्हणालं, तर निदान एक भुवई वर जायला हरकत नाही.

छिद्रं आणि काळा कागद

हा भाग पालकांनी दोनदा वाचावा. बाकी चूक झाली तर पैसे जातात. इथे चूक झाली तर घरातल्या बाकीच्या लाकडी सामानालाही कीड लागू शकते.

जुन्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं दिसली तर ती भुंग्याची. अंडी लाकडात घातली जातात, अळी आत पोखरत राहते, आणि मोठा झालेला किडा बाहेर पडतो तेव्हा ते छिद्र पडतं. म्हणजे छिद्र दिसतं तेव्हा एक किडा निघून गेलेला असतो, आत आणखी आहेत का हा खरा प्रश्न. नुसत्या छिद्रांवरून सांगता येत नाही. वस्तूखाली काळा कागद पसरायचा आणि आठ दिवस वस्तू हलवायची नाही. कागदावर मैद्यासारखी बारीक पूड पडली तर आत काम चालू आहे. काही पडलं नाही तर कदाचित कीड जुनी, मेलेली. 'कदाचित' म्हणते, कारण थंडीत हे काम मंदावतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला केलेली तपासणी जास्त भरवशाची.

भुंगा बहुधा लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागात लागतो. सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्यात तेल असतं, तो टिकतो. म्हणून सागवानी पाय असला तरी त्याला फिकट पट्टा आहे का ते बघावं. वाळवीची खूण वेगळी : मातीच्या बारीक नळ्या, आणि बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज. ती ओलीच्या वाटेने येते, म्हणून पायांचे तळ आणि भिंतीला लागून असलेली पाठ आधी तपासावी.

काकांनी आम्हाला मधोमधच्या त्या टेबलाखाली कागद ठेवू दिला. माझ्या मते हीच दुकानदाराची परीक्षा. जो कागद ठेवू देतो, टॉर्च मारू देतो, उलटं करून दाखवतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

एक दोष मात्र दोष नसतो. खण अडकतो म्हणून लोक टेबल नाकारतात. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आषाढात अडकणारा खण चैत्रात सुतासारखा सरकतो. आत्ताच रंधा मारून घेतला तर उन्हाळ्यात तोच खण खुळखुळा होईल. कडांना मेण घासून बघावं, आणि थांबावं.

"तिप्पट!"

अर्धा तास संपल्यावर किंमत विचारली. टेबल ५५०० रुपये. "तुम्हाला केवढ्याला पडलं?" हा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत, मुलं विचारतात. काका हसले. "खरा आकडा नाही सांगणार. पण समजा, १८०० ला घेतलं."

"तिप्पट!" पोरं ओरडली. जवळजवळ बरोबर होतं, तिपटीपेक्षा शंभरच जास्त. मग मी वही काढायला लावली. काकांनी 'समजा' म्हणतच पुढचे आकडे दिले : टेम्पो आणि हमाल ४००, सुताराची दोन दिवसांची मजुरी १६००, पॉलिशचं सामान ६००. खरेदी धरून बेरीज ४४००. विकलं ५५०० ला, नफा ११००, म्हणजे शेकडा २५. आता टेबल किती दिवस पडून राहिलं? समजा तीन महिने. त्या जागेचं भाडं महिन्याला ३०० धरलं तर ९००. उरले २००. वर्गात नफा-तोट्याची वीस उदाहरणं सोडवून जी शांतता पसरत नाही ती इथे पसरली.

एका मुलाने विचारलं, "मग आपण साडेतीन हजाराला मागितलं तर?" दुसऱ्याने लगेच सांगितलं, "त्यांचा तोटा, भाडं न धरताच ९०० रुपये." आणि एका मुलीने हळू आवाजात, मला, "पण बाई, ते खोटे आकडे सांगत असतील तर?"

प्रश्न चोख होता. त्यावर मी "असं बोलू नये" म्हटलं असतं तर पाठ तिथेच संपला असता. आम्ही ठरवलं की आकडे बाहेरून तपासायचे. चौकातल्या टेम्पोवाल्याला दोघांनी विचारलं, इथून डेक्कनपर्यंत एक टेबल न्यायचे किती घ्याल. सुतारकाम करणाऱ्या वडिलांच्या मुलाने घरी दिवसाची मजुरी विचारली. पॉलिशला लागणारी चपडी लाख आणि स्पिरिट यांचे भाव एकीने हार्डवेअरच्या दुकानातून आणले. आकडे थोडे इकडेतिकडे निघाले, पण एकही आकडा हवेतला नव्हता. घासाघीस करायला माझा विरोध नाही. पण कुठल्या खर्चातून कमी मागतोय हे माहीत असावं. "दोनशे कमी करा" म्हणजे पॉलिशमधले, सुताराच्या मजुरीतले, की काकांच्या नफ्यातले?

त्याच मुलीचा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न आणखी पुढचा होता. "ज्यांनी १८०० ला विकलं, त्यांना माहीत होतं का त्यात लाकूड किती आहे?"

म्हणून तेही मोजलं. लाकूड घनफुटावर विकलं जातं. तक्ता ४ फूट लांब, २ फूट रुंद, १ इंच जाड : ४८ × २४ × १ = ११५२ घनइंच. पाय अडीच इंच चौरस, ३० इंच उंच, चार : ७५० घनइंच. एकूण १९०२. एका घनफुटात १७२८ घनइंच, म्हणजे सुमारे १.१ घनफूट, आणि खण, पट्ट्या वेगळ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये त्या दिवशीचा जुन्या सागाचा भाव विचारायचा आणि गुणाकार करायचा. हा हिशोब विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त लागतो. वाडा रिकामा करायची तारीख डोक्यावर असते, मुलं परगावी, घरात एकटं म्हातारं माणूस. दारात आलेला माणूस "एवढं सगळं उचलून नेतो" म्हणतो तेच मोठं वाटतं. मोजपट्टी आणि दहा मिनिटं, एवढ्याने निदान बोलणी कुठून सुरू करायची हे कळतं. मुलांना मी सांगितलं, आजी-आजोबांच्या घरातल्या एका वस्तूचं असं माप काढून वहीत लिहून ठेवा. विकायचं म्हणून नव्हे, ठाऊक असावं म्हणून.

काय घ्यावं, काय टाळावं

माझी मतं सांगते, पटली तर घ्या. गादी, गाद्यांचा सोफा, कापूस भरलेली खुर्ची जुनी घेऊ नका. शिवणीत ढेकूण असले तर स्वस्ताई औषधफवारणीत जाते. नव्या, पातळ बोर्डाच्या टेबलापेक्षा जुनं अखंड लाकडाचं टेबल कधीही बरं. ते दुरुस्त होतं. भुसा दाबलेल्या बोर्डाला पाणी लागलं की तो फुगतो, आणि त्यात स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा घट्ट बसत नाही. वेताची खुर्ची घेताना विणणारा कारागीर कुठे मिळतो ते आधी बघा, लाकडी सांगाडा उत्तम आणि वेत तुटलेला असेल तर भाव त्या हिशोबाने करा. जुन्या लोखंडी कपाटाला कमी लेखू नका. गोदरेजची लोखंडी कपाटं १९२३ पासून बनताहेत. गंज तळाला आणि बिजागरीला आहे का, आणि किल्ली आहे का, एवढंच बघायचं.

आणि टेबलच हवं असं का? ३० इंची टेबल मोठ्यांच्या मापाचं असतं. दहा वर्षांच्या मुलाचे खांदे त्यावर उचलले जातात, पाय लटकतात. बसल्यावर हाताची कोपरं सहज टेकतील ती उंची बरोबर. लहान घराला मला स्वतःला ते उतरत्या झाकणाचं, जमिनीवर मांडी घालून वापरायचं लाकडी डेस्क जास्त योग्य वाटतं. पेढीवर मुनीमजी वापरायचे तसं. झाकण उचललं की आत वह्या, काम झालं की पलंगाखाली. अशा दुकानांत ते कोपऱ्यात पडलेलं असतं आणि कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्तही मिळतं.

पाठाला पुरवणी म्हणून शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवावं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्ते, दिवे, कोरीव दारं, स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे लोकांनी त्या काळात घराबाहेर काढलेलं सामानच. दुकान बघून गेलेली मुलं तिथे काचेपाशी वाकून दाराच्या सांध्याकडे बघतात. सरळ तिथे नेलेली मुलं अर्ध्या तासात डबा कधी खायचा ते विचारतात.

आठ दिवसांनी आम्ही चौघं कागद बघायला गेलो. एका पायाशी पुडीचे दोन छोटे ढीग होते, बाकी कागद कोरा. काकांनी टॉर्च मारला, पायाचा आतला फिकट पट्टा नखाने खरवडून बघितला आणि टेबलावरची किमतीची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. "सुताराला दाखवतो. पाय बदलावा लागेल." मुलांनी तिथेच वही उघडून नवा हिशोब मांडला : एका पायाचं लाकूड १८७.५ घनइंच, अर्ध्या दिवसाची मजुरी, टेम्पो नाही. नवी किंमत काय यावर त्यांचं परतीच्या वाटेवर ओंकारेश्वरापर्यंत एकमत झालं नव्हतं.